‘संशयित आरोपी’: संशय कुणाचा आणि कुणावर?

एका शिक्षिकेने विचारले आहे: ‘आठवीच्या वर्गात रोज वर्तमानपत्रातल्या दोन बातम्या मोठ्याने वाचायला लावते. परवा एका मुलाने विचारलं, बाई, संशयित आरोपी म्हणजे काय? संशयित असेल तर आरोपी कसा, आणि आरोपी असेल तर संशयित कशाला? मला नीट सांगता आलं नाही. शिवाय अशा बातमीत “कथित” लिहावं की “तथाकथित”, तेही सांगा.’

मोठी माणसे ही जोडी इतक्यांदा वाचतात की ती डोळ्यांना दिसेनाशी होते. आठवीतला मुलगा तिच्यापाशी थांबला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आधी थेट उत्तर. ‘संशयित आरोपी’ व्याकरणाने चूक नाही. इथे ‘संशयित’ हे विशेषण आहे आणि आरोपी कोणत्या प्रकारचा ते सांगते. ही जोडी बातमीदारांनी घडवलेली नसावी, पोलीस ठाण्यातल्या कागदावरून उचललेली असावी. प्रथम खबरीच्या (एफआयआरच्या) छापील नमुन्यात आरोपीच्या तपशिलाचा एक रकाना असतो. त्यात आरोपी तीन तऱ्हेचा धरलेला असतो: माहीत असलेला, संशयित आणि अनोळखी. फिर्यादीने नाव घेऊन ‘यानेच मारले’ म्हटले तर पहिला, ‘अमक्यावर माझा संशय आहे’ म्हटले तर दुसरा, अंधारात तोंडच दिसले नाही तर तिसरा. त्या रकान्यात हा शब्द चोख आहे. बातमीत मात्र तो अटक झालेल्या प्रत्येकाला लावतात, आणि एकदा लावला की पुढे काहीही लिहायला मोकळे होतात. पहिल्या वाक्यात ‘संशयित आरोपी’, तिसऱ्यात नुसता ‘आरोपी’, सहाव्यात ‘या नराधमाने’. माणूस तोच, पुरावाही तेवढाच, आणि मधे गेली फक्त चार वाक्ये.

आता शब्दांच्या पोटात शिरू. ‘आरोप’ आणि वाफ्यातले ‘रोप’ एकाच मुळातले. रुह् म्हणजे उगवणे, वाढणे. त्याचे प्रयोजक रूप रोपयति, म्हणजे लावणे. वृक्षारोपणातला आरोप तोच. म्हणजे आरोप ही बाहेरून आणून लावलेली गोष्ट. अलंकार शिकवताना आपण म्हणतो, रूपकात उपमेयावर उपमानाचा आरोप असतो. मुखावर चंद्राचा आरोप केला म्हणून मुख आकाशात उगवत नाही. वेदान्तात अध्यारोपाचा दाखला दोरीवरच्या सापाचा, आणि तिथेही साप दोरीत नसतो, पाहणाऱ्याने तो तिच्यावर ठेवलेला असतो. मराठीत आपण आरोप ‘करतो’ किंवा ‘ठेवतो’. ‘ठेवतो’ हे मला फार नेमके वाटते, कारण ठेवलेली वस्तू उचलताही येते.

काही जाणकार म्हणतात, संस्कृतच्या चालीने ‘आरोपी’ म्हणजे आरोप करणारा, तेव्हा ज्याच्यावर आरोप आहे त्याला ‘आरोपित’ म्हणा. मला हा आग्रह पटत नाही. रोग असलेला तो रोगी, तसा आरोप असलेला तो आरोपी, आणि हा अर्थ मराठीत घट्ट रुजला आहे. एक धोका मात्र खरा आहे. दोषी, अपराधी, आरोपी, तिन्ही शब्द कानाला एकाच घरातले वाटतात. पहिल्या दोघांत दोष आणि अपराध माणसात आहे, तिसऱ्यात तो अजून बाहेरच आहे. कान हा भेद करत नाही, म्हणून लिहिणाऱ्याने करायचा.

‘संशय’ तर याहून सुंदर शब्द आहे. सम् आणि शी, म्हणजे निजणे, पडून राहणे. मन एका कुशीवर ठरत नाही, दोन्हीकडे पडून राहते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्याचा दाखला आहे: ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’. तिन्हीसांजेला बांधावर काहीतरी उभे दिसते. खुंट की माणूस? दोन्ही शक्यता एकाच वेळी मनात असणे, हा संशय. ‘माणूसच’ म्हटले की संशय संपला. मग तो निश्चय, आणि सकाळी तिथे खुंट निघाला तर भ्रम. म्हणून ‘संशयित’ या शब्दात ‘याने केले नसेल’ हीसुद्धा अर्धी बाजू मुळातच आहे. बातमीतल्या ‘संशयित’मधून नेमकी तीच अर्धी बाजू गळालेली असते. (काहीजण ‘संशयी आरोपी’ लिहितात, ते मात्र चूक. संशयी म्हणजे संशय घेणारा.)

तरीही माझे मत असे, की नामांनी फारसे बिघडत नाही, बिघडते ते क्रियापदांनी. मराठीत ऐकीव, अंदाजाचे आणि डोळ्यांनी पाहिलेले वेगवेगळे सांगायची उत्तम सोय आहे. त्याने पैसे घेतले. घेतले असावेत. घेतले असतील. घेतल्याचे सांगतात. घेतले म्हणे. माझी आजी गावातली कुठलीही खबर ‘म्हणे’ लावल्याशिवाय सांगत नसे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला पाहिलेले आणि ऐकलेले यांतला फरक एका शब्दाने राखता येत होता. बातमीत ‘म्हणे’ शोभणार नाही, पण ‘घेतल्याची फिर्याद आहे’ शोभते. त्याऐवजी आपण सरळ ‘घेतले’ लिहितो आणि सुरुवातीला ‘संशयित’ चिकटवतो. वाचणारा क्रियापद लक्षात ठेवतो.

क्रियापदावर माणसाचे नशीब कसे तोलले जाते, ते मुंबईतल्या एका गाजलेल्या खटल्यात पाहा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी त्यांच्या पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा मेले. मराठीत सांगायचे तर सगळा वाद दोन क्रियापदांचा होता: गोळी झाडली, की गोळी सुटली? बचाव पक्षाचे म्हणणे, झटापटीत सुटली. सरकार पक्षाचे म्हणणे, झाडली. जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेताना रात्री एकट्याने अहमदनगरला जायचे आहे असे खोटे कारण दिले होते, आणि आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हललेला नव्हता. झटापट झाली असती तर टॉवेल राहिला असता का?

न्यायालयात टॉवेलाच्या गाठीवर असा बारीक कीस पडत होता, आणि बाहेर लोक स्वभावावर निकाल देऊन मोकळे झाले होते. रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उघड बाजू घेतली. एकीकडे गणवेशातला देखणा, घात झालेला नवरा, दुसरीकडे चैनी, बाईलवेडा श्रीमंत. मेलेल्या माणसाला यावर काही म्हणायची सोय नव्हती. ज्यूरीने, म्हणजे खटला ऐकून कौल देणाऱ्या नऊ सामान्य नागरिकांनी, आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ म्हटले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ‘झाडली’ ठरायला अडीच वर्षे लागली. आज अटकेच्या संध्याकाळीच ‘झाडली’ छापून येते.

आता ज्या एका वाक्यासाठी मला हे सगळे लिहावेसे वाटले, त्याकडे येतो. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ खाक्या म्हणजे रीत, तऱ्हा. हे वाक्य इतके घासून गुळगुळीत झाले आहे की कुणी त्याचा अर्थ करत नाही. अर्थ करा. मारले, किंवा मारण्याची भीती घातली, म्हणून तो ‘हो’ म्हणाला. बातमीत हे कौतुक म्हणून येते. पण नेमक्या याच कारणासाठी १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम २५ मध्ये सांगितले, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर त्या वस्तूपुरता भाग चालतो, बाकीचा नाही. म्हणजे न्यायाधीशाला जे ऐकायला बंदी, ते गावाने आधीच चहाबरोबर वाचलेले असते. आणि त्या वाक्यात कबुली का चालत नाही याचे कारणही पहिल्याच दोन शब्दांत छापलेले असते.

‘पुरावा’ हा शब्दही असाच घाईने येतो. ‘भक्कम पुरावे हाती लागले.’ हाती लागतो तो मुद्देमाल: सुरा, मोबाइल, शर्ट. पंचनामा होतो, लाखेची मोहोर लागते. न्यायालयात साक्षीदार तो ओळखतो, उलटतपासणी होते, कागद असेल तर त्याच्यावर निशाणी क्रमांक पडतो. तेव्हा कुठे त्याला पुरावा म्हणायचे, आणि तो भक्कम की भुसभुशीत हे निकालपत्र सांगते. बातमीत ‘सुरा जप्त केला’ एवढे लिहिले तर काही कमी पडत नाही. ‘मुसक्या आवळल्या’ हेही मला खटकते. मळणीच्या बैलाने कणसाला तोंड लावू नये म्हणून जे बांधतात ते मुसके, आणि माणसाच्या मुसक्या म्हणजे हात पाठीमागे जखडणे. ज्याला अजून आपली बाजू मांडायची आहे, त्याच्यासाठी आपण हा शब्द निवडतो.

मग उरते ‘चारित्र्य’. आणि इथे मराठी बातमीचा एक मथळा असा आहे, जो मी वाचला की दिवस खराब जातो: ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’. सावकाश वाचा. संशयित कोण? नवरा. अटकेत कोण? नवरा. पण मथळ्यात ‘संशय’ कुणावर? मेलेल्या बाईवर. आणि ‘चारित्र्य’ कुणाचे निघाले? तिचेच. तिच्या बाजूने बोलणारे कुणी त्या ओळीत नाही. हे कारण आले कुठून? बहुतेक वेळा त्या नवऱ्याने पोलिसांना सांगितले म्हणून, म्हणजे आरोपीचा बचाव मृताच्या नावावर ठळक अक्षरांत छापला गेला. ‘पत्नीचा खून, पती अटकेत’ एवढे पुरते. कारण न्यायालयात येईल तेव्हा येईल.

चारित्र्य या शब्दाचे मराठीत असे विचित्र झाले आहे. पुरुषाचे चारित्र्य म्हणजे त्याचे एकूण वागणे, ज्याचा पोलीस पडताळणी करून दाखला देतात. बाईचे चारित्र्य म्हणजे एकच गोष्ट. आरोपीच्या बाबतीत पुन्हा शेजाऱ्यांच्या साक्षी निघतात. ‘मुलगा शांत होता, पण कुणात मिसळायचा नाही.’ मिसळत असता तर ‘नेहमी टवाळ पोरांत असायचा’ झाले असते. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ५४ सांगत असे, की आरोपीची आधीची वाईट वागणूक खटल्यात गैरलागू, जोवर त्याने स्वतः ‘मी चांगला आहे’ असा पुरावा आणलेला नाही. नव्या अधिनियमातही तेच आहे. आधी चोरी केली म्हणून ही चोरी त्यानेच केली, असे होत नाही. ‘सराईत गुन्हेगार’ हे दोन शब्द नेमके तेवढेच करतात.

मुंबई उच्च न्यायालयाने हे सगळे १८ जानेवारी २०२१ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे केले, त्यावरच्या याचिका होत्या. आरोपीच्या वा पीडिताच्या चारित्र्याबद्दल लिहून कलुषित वातावरण तयार करू नये, पोलिसांपुढची कबुली पुरावा असल्यासारखी मांडू नये, असे त्यात म्हटले आहे. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांचे ते खंडपीठ होते.

‘कथित’ आणि ‘तथाकथित’चे उत्तर सोपे आहे. कथित म्हणजे सांगितलेले, ज्याचा आरोप आहे असे. तथाकथित म्हणजे तसे म्हणवले जाते, पण लिहिणाऱ्याला ते मान्य नाही. ‘तथाकथित विद्वान’ म्हटले की तो विद्वान नाही, असे आपण सांगून टाकतो. म्हणून ‘कथित लाच’ चालेल. ‘तथाकथित पीडिता’ लिहिले तर ती खोटे बोलते असा निकाल दिला. मला विचाराल तर ‘कथित’पेक्षाही ‘लाच घेतल्याचा आरोप’ अधिक मराठी आहे.

मी काही वर्षे एका दैनिकात मुद्रितशोधन करत होतो. एका संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ दोन कात्रणे घेऊन आले, खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. पहिले चार कॉलमांचे, त्यांच्या मुलाच्या अटकेचे, मुसक्यांसकट. ते पान मीच वाचून सोडले होते. मथळ्यात ‘संशयित’ होता, जागेत बसेना म्हणून रात्री काढला, आणि मी हरकत घेतली नव्हती. दुसरे कात्रण दोन वर्षांनंतरचे, आतल्या पानावरचे, तीन ओळींचे: ‘संशयाचा फायदा घेऊन आरोपी सुटला.’

त्यांनी तीन ओळी लहान का, हे विचारले नाही. ‘घेऊन’ या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘साहेब, माझ्या पोरानं काय घेतलं नाही. कोर्टानं दिलंय.’

निकालपत्राची प्रत त्यांच्याजवळ होती. तिच्यात ‘देऊन’च होते. बाई, मुलांना संशयित आरोपी समजावताना हे दोन शब्द, ‘घेऊन’ आणि ‘देऊन’, फळ्यावर शेजारी लिहा आणि त्या मुलालाच विचारा, दोन्ही वाक्यांत काय बदललं.