ट्रॅव्हल ट्रेलरचा फ्रीज निघण्याआधी किती वेळ चालू ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्यावर ट्रेलरमधला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातला, फ्रीज लावला, दोन-तीन तासांनी सामान भरलं, दुपारी निघालात आणि रात्री कॅम्पग्राउंडवर पोचेपर्यंत दूध कोमट, श्रीखंड पातळ. वर विचारताय, फ्रीज बिघडलाय का? बहुतेक नाही. तुम्ही त्याला वेळच दिला नाहीत.

पॅनेलवर गॅस आणि वीज असे दोन पर्याय दिसतात म्हणता, म्हणजे तुमचा फ्रीज ॲब्सॉर्प्शन जातीचा. घरच्यासारखा कॉम्प्रेसर त्यात नसतो. मागच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खालची गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर पाण्यातला अमोनिया उकळून वर पाठवतो, तो वर निवून द्रव होतो, मग हायड्रोजनमध्ये त्याची पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढली जाते आणि शेवटी तो पाण्यात विरघळून खाली येतो. १९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ही युक्ती आजही जवळपास तशीच चालते. ना पंप, ना मोटर, ना आवाज. पण वेग मात्र बेताचा.

म्हणून ज्या वेळेला निघायचं, आदल्या दिवशी त्याच वेळेला तो चालू करा. पूर्ण २४ तास मिळाले तर उत्तम, निदान एक अख्खी रात्र तरी हवीच. छोले भिजत घालायचे तसंच हे, आठवण आदल्या दिवशी यायला हवी.

घरासमोरच्या ड्राइव्हवेत घरच्या विजेवर लावलात तर गॅस वाचतो. ट्रेलरचा ३० अँपचा प्लग घरच्या १५ अँपच्या सॉकेटला जोडणारा ॲडॅप्टर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फ्रीजचा हीटर साधारण ३००-४०० वॅटच खातो, तेवढं सॉकेट आरामात झेपवतं. त्याच जोडणीवर ट्रेलरचा एसी मात्र लावू नका. एक्स्टेन्शनची वायर जाड घ्या, १२ गेजची किंवा त्याहून जाड. गॅरेजमधली बारीक वायर तापते. रात्री झोपण्याआधी पॅनेलवर एक नजर टाका. सॉकेट ट्रिप झालं असेल तर ‘ऑटो’वरचा फ्रीज मुकाट्याने गॅसवर जातो, आणि सिलिंडर बंद असेल तर नुसता लाल दिवा लावून बसतो.

गॅसवरच लावायचा असेल तर आधी शेगडीचा एक बर्नर पेटवून पाहा. सिलिंडर बरेच दिवस बंद असला की नळीत हवा भरलेली असते. ती शेगडीतून निघून गेली की फ्रीजची ज्योत पटकन धरते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, ट्रेलरची पातळी. नळ्यांतला द्रव केवळ उताराने वाहतो. ट्रेलर कलता उभा असेल तर तो एका जागी साचतो, उकळणारा भाग कोरडा पडून तापतो आणि वारंवार असं झालं की नळी आतून कायमची चोंदते. डाव्या-उजव्या बाजूला ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश, एवढाच कल साधारणपणे चालतो, पण तुमच्या मॉडेलचं पुस्तक एकदा बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, कारण अमेरिकेतले ड्राइव्हवे पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराचे केलेले असतात. गवंडी वापरतात तसली छोटी पाणसळ फ्रीझरच्या तळावर ठेवा आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत चाकाखाली फळ्या घाला. चालत्या गाडीत द्रव सतत हिंदकळत असतो, त्यामुळे रस्त्यातल्या चढउतारांची काळजी नको.

हा फ्रीज थंड वस्तू थंड ठेवण्यात पटाईत आहे, गरम वस्तू गार करण्यात अगदी मठ्ठ. सगळा गारवा घरच्या फ्रीजमधून आणायचा. दूध, दही, कोथिंबीर, कोल्ड्रिंकचे कॅन रात्रभर घरी गार करा आणि निघण्याआधी तासभर इकडे हलवा. इडलीचं पीठ तर कोमट असताना मुळीच ठेवू नका. ते आत फुगत राहतं आणि सकाळी फ्रीज पुसायचं काम लागतं. उसळ, पराठे घरीच गोठवून आणलेत तर तोच तुमचा बर्फ. रिकाम्या फ्रीजमध्ये आदल्या रात्रीच गोठलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या तर पहिला टप्पा लवकर सरतो. डबे ठासून भरू नका आणि जाळीवर कागद अंथरू नका, हवा खेळायला हवी. बॅटरीवरचा छोटा पंखा आत ठेवलात तर फरक जाणवतो.

टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात फ्रीजची बाजू सावलीत येईल असा ट्रेलर लावा. फ्रीजच्या मागची, ट्रेलरच्या बाहेरून दिसणारी हवेची जाळी काढून आत बघून घ्या, गांधीलमाश्यांची घरटी आणि कोळ्यांची जाळी तिथे हमखास सापडतात.

तापमान पॅनेलवर नाही, थर्मामीटरवर बघा. पेलाभर पाण्यात तो बुडवून मधल्या जाळीवर रात्रभर ठेवायचा, म्हणजे दार उघडताच काटा पळत नाही. सकाळी ४० अंश फॅरनहाइटच्या खाली आला असेल तरच दूध-दही भरायचं.

गाडी चालताना गॅस चालू ठेवावा का, यावर लोकांत दोन तट आहेत. मी बंद ठेवते. नीट गार झालेला आणि दार न उघडलेला फ्रीज चार-पाच तास सहज तग धरतो. पेट्रोलपंपावर ज्योत बंद हवीच, आणि काही बोगद्यांत, उदाहरणार्थ व्हर्जिनियातल्या चेसापीक बे ब्रिज-टनेलवर, सिलिंडरही बंद करावे लागतात.

एवढं करूनही २४ तासांत गार झाला नाही, तर वीज आणि गॅस दोन्हींवर वेगवेगळा चालवून बघा. गॅसवर होतो आणि विजेवर नाही, तर बहुधा हीटर गेला, दुरुस्ती स्वस्तातली. दोन्हींवर नाही, तर कूलिंग युनिटवर, म्हणजे मागच्या नळ्यांच्या संचावर, संशय घ्या, ते महाग पडतं. आणि अमोनियाचा झणझणीत वास आला किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर फ्रीज लगेच बंद करा, खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा.