गाडी नसताना नागपुरात तीन दिवस कसं फिरावं?

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात तीन दिवस, रेल्वेनं येणार, एम्समध्ये पेशंटला भेटायचं, दीक्षाभूमी बघायची, परत विमानानं जायचं, तर दिवसभराची टॅक्सी ठरवावी का? नका ठरवू. मेट्रोनं जायचं, आणि शेवटच्या एक-दोन किलोमीटरला ऑटो करायचा.

सगळं बर्डीभोवती फिरतं. बर्डी म्हणजे सीताबर्डी. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज लाइन आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा लाइन, दोन्ही तिथंच भेटतात. गाडी बदलताना मजला बदलावा लागतो, बॅगा जड असतील तर लिफ्ट शोधा.

रेल्वेतून उतरल्यावर पहिली गफलत होते ती दाराची. मेट्रो स्टेशन पूर्वेला, संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. फलाट 1 कडून बाहेर पडलात तर टेकडी गणपतीच्या बाजूला निघाल, आणि रूळ ओलांडायला पुन्हा पायपीट. म्हणून आतल्याच पादचारी पुलानं संत्रा मार्केटकडं या. ॲप कॅब बोलावतानाही हीच बाजू नीट निवडा, नाहीतर ड्रायव्हर एका दाराशी, तुम्ही दुसऱ्या. मेट्रोनं तिथून बर्डी दुसरं स्टेशन, मधे फक्त कॉटन मार्केट.

तुमची गाडी अजनीला येत असेल तर नावावर जाऊ नका. अजनी रेल्वे स्टेशनला जवळचं मेट्रो स्टेशन काँग्रेस नगर आहे, अजनी चौक नव्हे.

एम्ससाठी बर्डीहून ऑरेंज लाइननं शेवटपर्यंत, खापरीला. एम्स मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात आहे, पायी जाण्याजोगं नाही. फीडर बस (मेट्रो स्टेशनापासून पुढं नेणारी) उभी असेल तर ती, नाहीतर ऑटो. ऑटोवाल्याला “एम्स, मिहान” असंच सांगा. नागपुरात “मेडिकल” म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेज आणि “मेयो” म्हणजे सेंट्रल ॲव्हेन्यूवरचं हॉस्पिटल. “मोठा सरकारी दवाखाना” म्हणालात तर भलतीकडंच पोचाल. परतताना वेळ सांभाळा, मेट्रो साधारण सकाळी 6 ते रात्री 10 चालते.

दीक्षाभूमीला रहाटे कॉलनीला उतरा.

ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. आधी ॲपमध्ये त्याच अंतराचं भाडं बघून घ्या, मग “भाऊ, किती घ्याल?” विचारा, आकडा हाताशी असला की घासाघीस लवकर संपते. शेअर ऑटो असेल तर “एका सीटचे किती?” हे स्पष्ट विचारा, नाहीतर उतरताना पूर्ण ऑटोचं भाडं मागितलं जातं. नंदनवन, मानेवाडा अशा भागांत जायचं झालं तर तिथं मेट्रो नाही. बर्डीच्या मोरभवन बसस्थानकातून “आपली बस” ही शहर बस धरा.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवनावर मोर्चे निघतात, सिव्हिल लाइन्स आणि झिरो माइलकडचे रस्ते अडवले जातात. त्या दिवसांत त्या भागात दुपारी टॅक्सी अजिबात करू नका. वरून मेट्रो चालू असते.

विमानाच्या दिवशी एक लक्षात ठेवा. बर्डीहून जाताना एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन स्टेशनं ओळीनं लागतात. टर्मिनलसाठी पहिलंच, नुसतं “एअरपोर्ट”. तेही वर्धा रोडवर आहे, टर्मिनल आत एक किलोमीटरहून जास्त. बॅगा असतील तर तेवढ्यापुरता ऑटो करा आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा.