किडनीतली चरबी आणि बंद केलेला नारळ

प्रश्न : माझे मिस्टर ५७ वर्षांचे. वीस-बावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला. रांगेत गाडी सोडून उतरता येत नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचे. दहा वर्षांपूर्वी उजव्या किडनीत खडा निघाला. दुखत नव्हता म्हणून तसाच राहिला. आता त्या बाजूला जड वाटतं, दोनदा हुडहुडी भरून ताप आला. सोनोग्राफीत फांद्या फुटलेला मोठा खडा आणि ‘लायपोमॅटोसिस’, म्हणजे किडनीत चरबी, असं आलंय. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, १.१ आहे, म्हणून काळजी नको असं आम्हाला सांगण्यात आलं. शेजारी म्हणतात, नारळ बंद करा. दोन महिने मी हुमणाला, म्हणजे माशांच्या आमटीला, नारळ वाटलेला नाही. ते पेज-लोणच्यावर जेवतात. चरबी वितळेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, हुमणाला नारळ वाटा. ही चरबी जेवणातून उतरलेली नाही. बंद करायचं तर लोणचं करा. जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं आणि ते खड्याच्या पथ्यावर पडतं.

किडनीच्या भोवती आणि रक्तवाहिन्या आत शिरतात त्या खळग्यात थोडी चरबी प्रत्येकालाच असते. वय, वजन किंवा बरीच वर्षं घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांनी ती वाढते. तेव्हा किडनीचा गर सहसा शाबूत असतो. असा रिपोर्ट घेऊन घाबरून आलेल्या कितीतरी जणांना मी काहीही औषध न देता घरी पाठवलं आहे.

तुमच्या मिस्टरांचं तसं वाटत नाही. खड्याने वाट अडते, जंतू मुक्काम करतात, वर्षानुवर्षं गर झिजत जातो आणि झिजलेल्या जागी चरबी भरते. मी शिकत असताना अशी एक किडनी काढल्यावर ट्रेमध्ये उभी चिरलेली पाहिली. आत पिवळीधमक चरबी, मधोमध सांबराच्या शिंगासारखा खडा, आणि कडेला गर उरला होता तो शहाळ्यातल्या कोवळ्या मलईएवढा. ‘दुखत नाही ना, मग राहू दे खडा’ हे वाक्य तेव्हापासून मला ऐकवत नाही. दहा वर्षांपूर्वी तुम्हाला तसं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं होतं.

आता क्रिएटिनिन. डावी किडनी धडधाकट असेल तर ती दोघींचं काम ओढते आणि आकडा १.१ च येतो. उजवीचं काय उरलंय ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन तपासण्या लागतील. एक सीटी स्कॅन : चरबी आहे की जुनाट पुवाची गाठ, की चरबीचाच एखादा ट्यूमर, हे त्यात बऱ्यापैकी उलगडतं. दुसरा डीटीपीए किंवा डीएमएसए स्कॅन. तो प्रत्येक किडनीच्या कामाचा वाटा वेगळा सांगतो. निरोगी माणसात साधारण अर्धा-अर्धा. उजवीचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास उरला असेल आणि ताप पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती काढणंच बहुतेकदा योग्य ठरतं. वाटा चांगला असेल तर फक्त खडा काढून किडनी वाचवता येते. चरबी वितळवणारं औषध नाही, काढाही नाही; त्यात पैसे घालू नका. काढावी लागली तर एवढं लक्षात असू द्या की किडनी दान केलेली माणसं एका किडनीवर वर्षानुवर्षं नीट जगतात.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत टोचलेली गोष्ट म्हणजे तो ताप. अशा खड्याच्या पोटातच जंतू असतात, त्यामुळे गोळ्यांनी ताप उतरतो आणि परत येतो. लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ती तपासणी, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. पुन्हा हुडहुडी भरली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या. जाताना दहा वर्षांपूर्वीची एक्स-रे फिल्म घरात कुठे असेल तर तीही घ्या.