भाचा 14 चा आहे, फॉरवर्ड खेळतो, नाशिकमधून प्रोफेशनल फुटबॉलर होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण नाशिकमध्येच राहून अवघड आहे, इथं गोल्फ क्लब ग्राउंडवर क्रिकेटचीच हवा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघा ना, लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत (राज्य सरकारची निवासी क्रीडा शाळा) गेला, 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप भारताकडून खेळला, मग इंडियन ॲरोज (फुटबॉल फेडरेशनची तरुण पोरांची टीम), जमशेदपूर क्लब, मधे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न क्लबला ट्रेनिंग आणि 2021-22 ला आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली वरची फुटबॉल लीग) जिंकलेल्या हैदराबादच्या टीममध्ये पण होता. गोची एकच, मेन स्ट्रायकर म्हणून क्लब बहुतेक फॉरेनरच घेतात, आपली पोरं विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकलली जातात (अनिकेतचं पण तेच). म्हणून भाच्याला विंगवर पण खेळायला लावा, डावा पाय पक्का करून घ्या आणि पुण्या-मुंबईच्या ट्रायल्स आत्तापासूनच द्या, दहावी होऊ दे मग बघू असं करू नका.