मुलीला बॉल झेलता येत नाही, आता उशीर झाला का?

प्रश्न : माझी मुलगी 9 वर्षांची आहे, चौथीत. धावते बरी, पण बॉल अंगावर आला की डोळे मिटून मान फिरवते आणि फेकला तर चार पावलांवर पडतो. सोसायटीतली मुलं तिला खेळायला घेत नाहीत, घेतलं तरी लिंबूटिंबू म्हणून. शाळेत पीटीचे आठवड्याला 2 तास, त्यातला एक गणितात जातो, दुसऱ्यात बॉल देऊन 'खेळा' म्हणतात. सासूबाई म्हणतात मोठी झाली की आपोआप येईल. सुट्टीत बॅडमिंटनचा क्लास लावू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, उशीर अजिबात झालेला नाही, पण आपोआप मात्र येणार नाही. उंची आपोआप वाढते, फेकणं-झेलणं नाही, ते अक्षरं गिरवतो तसं कुणीतरी दाखवावं लागतं आणि पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. धावणं-उड्या, तोल सांभाळणं आणि बॉल हाताळणं या तीन मूळ गोष्टींपैकी तिची तिसरी कच्ची राहिलीये आणि मुलींच्या बाबतीत हे खूप दिसतं, कारण लहानपणी मुलाच्या हातात बॅट-बॉल येतो आणि मुलीच्या हातात भातुकली. तिच्यात काही कमी आहे असं तिच्यासमोर कुणालाही बोलू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता झेलण्याचं. ती डोळे मिटते कारण तिला भीती वाटते, बहुतेक कधीतरी तोंडावर बॉल बसलाय. म्हणून टेनिस बॉल काही दिवस लांबच ठेवा. आधी फुगा घ्या, तो हळू येतो, बघायला वेळ मिळतो. मग मोज्यांचा गोळा करून अगदी 2 मीटरवरून खालून टाका, मग मोठा हलका प्लॅस्टिकचा बॉल जमिनीवर एक टप्पा पाडून. तिला एवढंच सांगा की हात पुढे ने आणि बॉल हातात आला की छातीकडे ओढून घे. 'बघ ना नीट!' असं ओरडून काही होत नाही.

फेकताना तिचे पाय बघा, माझी पैज आहे की ती समोर तोंड करून उभी राहते आणि उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकते, नाहीतर पाय हलवतच नाही. तिला भिंतीला खांदा दाखवून आडवं उभं करा, डावा पाय पुढे, हात मागे, मग कंबर वळवून जोरात (डावखुरी असेल तर उलट). भिंतीवर खडूने मोठा गोल काढा, पण सुरुवातीला नेम बघू नका, जोर बघा, कारण नेम धरायला लावलं की मुलं अंग आखडून घेतात आणि कंबर वळतच नाही. रोज 10-15 मिनिटं पुरे.

बॅडमिंटनमध्ये डोक्यावरून मारायचा फटका म्हणजे जवळजवळ हेच फेकणं, फक्त हातात रॅकेट असतं. त्यामुळे फेकणं आधी सुटलं तर क्लासमध्ये तिला सोपं जाईल.

शाळेचं म्हणाल तर मला मनापासून वाईट वाटतं. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दमणूक होईल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडे आठवड्याचे दोन तास, त्यातलाही एक गणिताला. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेच्या शाळेतल्या चाचणीत पहिली ते तिसरीच्या मुलांचं उंची-वजन सोडलं तर दोनच गोष्टी बघतात, एका पायावरचा तोल आणि प्लेट टॅपिंग, म्हणजे हाताने दोन चकत्यांना आलटून-पालटून भराभर शिवणं. म्हणजे लहान वयात पाया बघायचा असतो, मेडल नाही. पालकसभेत चार आयांनी मिळून बोला, एकटीचं ऐकत नाहीत. आणि लगोरी, लंगडी, जिबली सोसायटीत तुम्हीच सुरू करा, लगोरीत फेकणं, चुकवणं, पळणं सगळंच येतं आणि लंगडीत पायाला ताकद आणि तोल.

एक बघा, ती चालता-चालताही वारंवार पडत-धडपडत असेल, बटणं-नाडी अजून जमत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि डोळे तर आधी तपासाच, नंबर असला तर बॉल दिसणार कसा?

क्लास लावाच, पण पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बघून या की तासाभरात एकेका मुलीच्या हातात रॅकेट किती वेळ असतं. निम्मा वेळ रांगेत जात असेल तर दिवाळीपर्यंत घरची भिंतच बरी.