पॉलिगॉन नंतर काप, आधी टेक्स्चर बघ

थ्रीडी गेमचा सीन मेमरीला जड झाला की नवखे लोक पॉलिगॉन, म्हणजे वस्तूचा आकार घडवणारे छोटे बहुकोनी तुकडे, कापत बसतात. तू आधी टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, तपास. 2048 × 2048 पिक्सेलचं साधं आरजीबीए (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) टेक्स्चर कॉम्प्रेस न करता मेमरीत 16 एमबी खातं. 1024 केलंस की तेच 4 एमबीवर येतं. मिपमॅप (लांबून दिसताना वापरायच्या त्याच टेक्स्चरच्या लहान लहान प्रती) चालू असतील तर वर आणखी एक तृतीयांश धर. डिस्कवर जेपीजी छोटीशी दिसते म्हणून खूश होऊ नकोस, ग्राफिक्स मेमरीत जाताना ती पूर्ण उलगडते. कोपऱ्यात पडलेल्या बादलीला 256 सुद्धा पुष्कळ झालं. तिच्याकडे बघतंय कोण!

एकसारखे खांब हवेत? मेश, म्हणजे पॉलिगॉनचा सांगाडा, एकच ठेव आणि त्याचे इन्स्टन्स लाव, म्हणजे तोच मेश जागोजागी पुन्हा वापर. मग प्रत्येकाची जागा, दिशा आणि आकार एवढंच वेगळं साठवावं लागतं. मात्र युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) स्क्रिप्टमधून एकाच खांबाचा रंग बदललास, तर मटेरियलची (वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणाऱ्या सेटिंगची) गुपचूप कॉपी होऊ शकते, तिकडे नजर ठेव.

गोळ्या, ठिणग्या वगैरेंसाठी पूल कर, म्हणजे आधीच बनवलेल्याच पुन्हा पुन्हा वापर, दरवेळी नव्याने बनवू नकोस.

आणि मेमरी मोजायची ती प्रोफायलर (मेमरी, वेग मोजणारं साधन) जोडून, खऱ्या फोनवर. कंप्युटरवर गेम बनवतोस त्या एडिटरमधला आकडा फुगलेला असतो, कारण त्यात एडिटरचीही मेमरी मिसळलेली असते.