व्हीएम आणि मुख्य संगणक यांच्यात किती अंतर ठेवावं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ होम, रॅम ८ जीबी. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रात्यक्षिकांसाठी लिनक्स हवं आहे. मित्र ड्युअल बूट (एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम) सुचवतात. व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, पण व्हर्च्युअलायझेशन बंद असल्याचा संदेश येतो आणि व्हीएम सुरू होत नाही.

ड्युअल बूट तूर्त नको. ऑपरेटिंग सिस्टीम शिकायची तर ती बिनधास्त बिघडवता आली पाहिजे, आणि ड्युअल बूटमध्ये पार्टिशनची एक चूक तुमच्या विंडोजवर आणि सबमिशनच्या फाइलींवर बेतू शकते. व्हीएम बिघडली तर ती पुसायची आणि नवी बनवायची.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करायचं. इंटेलच्या यंत्रावर त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एसव्हीएम. त्याआधी डिस्क एन्क्रिप्शनची रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज कधीकधी ती मागतं आणि तेव्हा धावपळ होते.

८ जीबीपैकी ३ जीबी रॅम आणि दोन कोअर व्हीएमला द्या. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप एवढ्यात रखडेल. झुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशनच्या आधाराने, म्हणून जरा हळू चालतंय. विंडोज ११ मधली मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय हे त्याचं नेहमीचं कारण. त्यासाठी ती बंद करू नका, तो मंदपणा सोसावा. फक्त शेल आणि सीचे प्रोग्रॅम चालवायचे असतील तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) होम आवृत्तीवरही चालतं आणि रॅमच्या बाबतीत बरंच हलकं पडतं.

प्रश्न : सांगलीजवळ आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली पेजमेकर ७ मध्ये, श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. हे सगळं विंडोज एक्सपीच्या एकाच संगणकावर चालतं आणि तो आता अधूनमधून बंद पडतो. श्री-लिपीला यूएसबी डोंगल (परवान्याची खात्री करणारी छोटी कांडी) लागतो. व्हीएममध्ये हे जमेल का?

जमण्याची शक्यता चांगली आहे, पण तो संगणक जिवंत आहे तोवरच हात घाला. पहिलं काम व्हीएमचं नाहीच: सगळ्या फाइली, फॉन्ट आणि इन्स्टॉलेशनच्या सीडी दोन वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवा.

जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी उचलून व्हीएममध्ये ठेवण्याचा मोह होतो. यंत्र बदललं की एक्सपी अनेकदा निळ्या पडद्यावर अडकतं, म्हणून मी नव्याने इन्स्टॉल करा असंच सांगेन. संगणकासोबत आलेलं ओईएम एक्सपी त्याच यंत्राला बांधलेलं असतं, तेव्हा स्वतंत्र परवान्याची प्रत शोधा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी निवडल्यावर डिस्कचा कंट्रोलर (डिस्क जोडण्याचा प्रकार) आयडीई आहे ना, हे पाहा. साटा ठेवलात तर एक्सपीच्या इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही. रॅम १ जीबी पुष्कळ झाली.

डोंगलसाठी यूएसबी कंट्रोलर २.० निवडा, कारण ३.० चा ड्रायव्हर एक्सपीत नसतो. मग डोंगलचा यूएसबी फिल्टर बनवा, म्हणजे व्हीएम सुरू होताच तो तिच्याकडे जाईल. व्हीएमकडे गेलेला डोंगल त्या वेळी मुख्य संगणकाला दिसत नाही. ती बिघाडाची खूण नव्हे. डोंगल ओळखला गेला, श्री-लिपी उघडलं आणि एका जुन्या अंकाची चार पानं नीट उमटली, की मगच जुना संगणक निवृत्त करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या व्हीएमचं नेटवर्क बंद ठेवा. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. पानं लावायला इंटरनेट लागत नाही. तयार फाइल पेन ड्राइव्हने बाहेर काढा. तुमचं काम व्यावसायिक असल्याने आणखी एक सांगतो: व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज मुक्त परवान्याचं आहे, पण त्याच्या एक्स्टेंशन पॅक या जोडपॅकेजला व्यवसायासाठी पैसे पडतात. वरच्या कामाला तो लागत नाही, टाकू नका.

आणि ही व्यवस्था कायमची समजू नका. तो डोंगल एक दिवस मरेल. पुन्हा छापला जाईल असा मजकूर आत्तापासून थोडा थोडा युनिकोडमध्ये आणत राहा. जोडाक्षरं आणि रफार बदलताना घोळ होतात, त्यामुळे प्रत्येक पान वाचूनच पुढे जा.

प्रश्न : व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूतून २० जीबीच्या फाइली पुसल्या, तरी माझ्या डिस्कवर जागा मोकळी झाली नाही. सात-आठ स्नॅपशॉटही आहेत.

वाढत जाणारी व्हर्च्युअल डिस्क गरजेनुसार फुगते, आपणहून आटत नाही. आतून पुसलेल्या जागेत जुना मजकूर तसाच पडून असतो आणि बाहेरच्या फाइलला ते कळत नाही. तुमच्या बाबतीत मात्र स्नॅपशॉट हेच मोठं कारण असणार. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती; प्रत्येक स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत जातात.

व्हीएम बंद करून तिचा अख्खा फोल्डर बाह्य डिस्कवर कॉपी करा. मग नको ते स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतूनच काढा. फाइल एक्सप्लोररमधून एकही फाइल पुसू नका, नाहीतर साखळी तुटून व्हीएम उघडणार नाही. स्नॅपशॉट काढताना फाइली एकमेकींत मिसळतात, त्यासाठीही मोकळी जागा लागते. शेवटी उबुंटूतल्या रिकाम्या जागेत शून्यं भरून व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांडचा कॉम्पॅक्ट पर्याय वापरा.

स्नॅपशॉटला बॅकअप मानू नका. व्हीएम आणि तिचे स्नॅपशॉट एकाच डिस्कवर असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले.

प्रश्न : एम२ मॅकबुकवर व्हीएम करून विंडोज चालेल का? हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचा टोकन वापरायचा आहे.

विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती (एम२ सारख्या चिपसाठीची) पॅरलल्स या मॅकवरच्या व्हीएम सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि फेब्रुवारी २०२३ पासून मायक्रोसॉफ्टची त्याला अधिकृत मान्यता आहे. इंटेलसाठीची बहुतेक साधी सॉफ्टवेअर तीत चालतात. टोकनचं मात्र तसं नाही: ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. टोकन देणाऱ्याला आधी विचारा, पैसे नंतर खर्च करा. त्यांच्याकडे मॅकचा ड्रायव्हर असेल तर सहीपुरती व्हीएम लागणारही नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या मेलवर संशयास्पद अटॅचमेंट येतात. त्या व्हीएममध्ये उघडल्या तर धोका नाही ना?

धोका कमी होतो, संपत नाही. २०१५ मध्ये क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी सापडली होती. तिच्यातून व्हीएमच्या बाहेर पडणं शक्य होतं. पण अशा त्रुटी विरळा. भिंतीला भोकं बहुतेक वेळा आपणच सोयीसाठी पाडतो: शेअर्ड फोल्डर, दोन्हीकडे चालणारा क्लिपबोर्ड, ब्रिज्ड नेटवर्क. ब्रिज्ड ठेवलं की ती व्हीएम तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवरचा आणखी एक संगणक होते. नॅटमध्ये (व्हीएम मुख्य संगणकाच्या आडून नेटवर्क वापरते ती पद्धत) बाहेरून आत येणं अवघड असलं, तरी आतून तुमच्या नेटवर्कपर्यंत पोचता येतं. म्हणून तपासणीच्या व्हीएममध्ये हे सगळं बंद हवं. व्हीएम ओळखून गप्प बसणारी घातक सॉफ्टवेअरही आहेत, तेव्हा ‘उघडली, काही झालं नाही’ यावरून फाइल निर्धोक ठरत नाही.

ज्या संगणकावर ठेवीदारांची खाती आहेत, तिथे ही तपासणी व्हीएममध्येसुद्धा करू नये, असं माझं ठाम मत आहे. मेल पाठवणाऱ्याला आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. त्यानंतरही पाहणं भागच असेल तर विंडोज प्रो असलेला वेगळा संगणक घेऊन विंडोज सँडबॉक्स (बंद करताच पुसलं जाणारं तात्पुरतं विंडोज) वापरा. सँडबॉक्सचं नेटवर्क मुळात चालू असतं, ते कॉन्फिगरेशन फाइलमधून आधी बंद करा.